पुणे ते न्यूअर्क : अंतर, वेळ आणि वाट

पुण्याचा लोहगाव विमानतळ आणि अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील न्यूअर्क विमानतळ यांमधील अंतर सुमारे १२,६५० किलोमीटर आहे. कोठेही न थांबता उडालेल्या जेट विमानाला ते कापण्यास साधारणपणे पंधरा तास लागावेत. संगणकावर दोन शहरांची नावे टंकली की हे आकडे क्षणार्धात समोर येतात आणि आपण ते बाजारभावासारखे निमूटपणे स्वीकारतो. सदाशिव पेठेपासून कोथरूड-औंधपर्यंत अशी असंख्य घरे आहेत, जिथे ‘तिकडे’ हा शब्द उच्चारला की कोणता देश अभिप्रेत आहे हे सांगावे लागत नाही. त्या घरांना हे आकडे तोंडपाठ असतात.

आमचे म्हणणे असे की, गणिताच्या दृष्टीने हे आकडे बिनचूक असले, तरी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने त्यांच्याकडे एखाद्या संक्षेपाकडे पाहावे तसे पाहिले पाहिजे. दीर्घ कथानकाचा कुणी दोन ओळींत सारांश दिला, तर त्यात काय गाळले हे आपण विचारतो. मग जी गोष्ट आज हजारो मराठी कुटुंबांच्या आयुष्याचे कथानक होऊन बसली आहे, तिच्या या दोन आकडी सारांशाबद्दल आपण इतके निःशंक का असावे?

प्रथम अंतराचा विचार करू. भिंतीवरच्या नकाशात पुण्याहून न्यूअर्कला पट्टी लावून रेघ ओढली, तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर यांवरून जाते. पृथ्वी गोल असल्यामुळे खरी जवळची वाट मात्र निराळी आहे. ती पुण्याहून वायव्येस निघते, सिंधू ओलांडून अफगाणिस्तानात शिरते, मध्य आशियावरून मॉस्कोच्या आसपास पोहोचते, स्वीडन-फिनलंडच्या मधल्या आखातावरून उत्तर ध्रुववृत्ताच्या जवळ जाते, आइसलंड आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकावरून कॅनडातील लॅब्राडॉरवर उतरते आणि तेथून खाली न्यू जर्सीत येते. ‘अटकेपार’ हा शब्द ज्या शहराने अभिमानाने जपला, त्या शहराची अमेरिकेची वाट भूमितीच्या नियमानेच सिंधूपार जाते, ही एक गमतीची गोष्ट.

गंमत येथेच संपते. १२,६५० किलोमीटर हा आकडा ज्या वाटेचा आहे, ती वाट उडण्यासाठी प्रत्यक्षात मोकळी असेलच असे नाही. पाकिस्तानने आपले आकाश २०१९ साली काही महिने बंद ठेवले होते. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर ते भारतीय विमानकंपन्यांना पुन्हा बंद झाले. युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ साली रशियाचे आकाश अमेरिकन आणि युरोपीय कंपन्यांना बंद झाले. म्हणजे विमान कोणत्या देशाचे आहे यावर अंतर ठरू लागले. दोन विमानतळ जागच्या जागी आहेत, पृथ्वीचा परीघ तेवढाच आहे आणि तरीही एका प्रवाशाचे अंतर दुसऱ्याहून शेकडो किलोमीटरांनी अधिक भरते. भूमितीतले अंतर आणि इतिहासातले अंतर या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे याहून स्पष्टपणे कसे दिसावे?

वेळेची कथाही अशीच आहे. आपल्या अक्षांशांच्या उत्तरेस, विमाने जेथे उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे असतात. त्यामुळे पश्चिमेस जाताना विमानाला वाऱ्याच्या विरोधात जावे लागते आणि परतताना तोच वारा पाठीशी असतो. मुंबई-लंडन प्रवासातही जाण्यायेण्याच्या वेळेत साधारण तासाभराचा फरक पडतो. घड्याळाचे गणित त्याहून विलक्षण आहे. उन्हाळ्यात न्यू जर्सीचे घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा तास. पुण्याच्या घरातून रात्री आठ वाजता निघालेला माणूस सर्व टप्पे धरून बावीस तासांनी पोहोचला, तर तेथे उन्हाळ्यातल्या सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. घड्याळाच्या हिशेबाने साडेबारा तासच झाले. उरलेले साडेनऊ तास शरीराने भोगलेले असतात, पण दिनदर्शिकेत त्यांना जागा नसते. परतताना हेच तास व्याजासकट वसूल होतात. तिथीचे तर विचारूच नये. तिथी जगभर एकाच क्षणी पालटते, पण कोणत्या दिवशी कोणती तिथी पाळायची हे त्या त्या ठिकाणच्या सूर्योदयावर ठरते. त्यामुळे आईने पुण्यात एका तारखेला केलेले श्राद्ध मुलाच्या गावी दुसऱ्या तारखेला येऊ शकते.

आता विमानतळांकडे वळू, कारण ‘विमानतळ ते विमानतळ’ ही मोजणीच मुळात पुणेकराला लागू पडत नाही. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे. इंग्रजी अमदानीत, १९३९ साली येथे लष्करी तळ उभा राहिला आणि नागरी वाहतूक आजही त्याच्या एका कडेने चालते. २०२४ च्या जुलैपासून तेथे नवी प्रशस्त इमारत वापरात आली, पण धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपासच आहे. अमेरिकेपर्यंतचे इंधन भरलेले अवजड विमान एवढ्या पट्टीवरून उठणे अवघड. २००८ साली पुण्याहून फ्रांकफुर्टला थेट सेवा सुरू झाली, तीही थोड्या आसनांच्या लहान विमानाने; पुढे ती बंद पडली. म्हणून पुणेकराची अमेरिका बहुधा द्रुतगती मार्गावर सुरू होते. रात्री दाराशी गाडी येते, बॅगा पुन्हा एकदा वजनकाट्याला टांगून पाहिल्या जातात, लोणच्याची बरणी कपड्यांत गुंडाळली आहे ना याची खात्री केली जाते, देवापुढे सुपारी ठेवली जाते. मग खंडाळ्याचा घाट, पनवेल, मुंबईची वाहतूक आणि विमानाआधीचे तीन तास. सरळ रेषेत जे अंतर सव्वाशे किलोमीटरही नाही, त्याला कधी कधी लंडनच्या प्रवासाच्या निम्मा वेळ लागतो. कोणत्याही तक्त्यात हा वेळ धरलेला नसतो.

लोहगावाविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हे गाव तुकोबांचे आजोळ. आई कनकाईचे माहेर. तुकोबांची येथे कीर्तने होत, अशी परंपरा आहे. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने या विमानतळाला जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचे नाव देण्याचा प्रस्ताव मान्य केला, त्यामागे हे नाते आहे. ज्या संप्रदायाने पंढरीला माहेर म्हटले आणि तेथे पायी जाणे हीच साधना मानली, त्या संप्रदायाच्या शिरोमणीचे नाव विमानतळाला द्यावे यात काहींना विसंगती वाटली असेल. आम्हांला तशी वाटत नाही. फाल्गुन वद्य द्वितीयेला देहूत विमान उतरले आणि तुकोबा सदेह वैकुंठास गेले, ही श्रद्धा मराठी मनात शतकानुशतके आहे. त्या प्रवासाचे अंतर कोणी विचारलेले नाही. विमान आले आणि मागे राहिलेल्यांनी वर पाहिले, एवढेच चित्र आपल्यापाशी आहे. निघून जाणाऱ्याकडे खालून पाहणारी माणसे हे विमानाच्या मराठी कल्पनेचे पहिले चित्र होय, आणि ते अजून पालटलेले नाही.

पुरंदर तालुक्यात नव्या विमानतळाचा प्रस्ताव बरीच वर्षे चर्चेत आहे. त्यासाठी ज्या सात गावांची जमीन घेण्याचे योजले गेले, त्यांत खानवडी आहे. महात्मा फुले यांच्या घराण्याशी जोडलेले हे गाव. तेथील शेतकऱ्यांनी भूसंपादनास विरोध केला आहे. प्रस्तावाच्या गुणदोषांची चर्चा करण्याचा आमचा अधिकार नाही. तरीही एक प्रश्न साहित्याच्या माणसाने विचारलाच पाहिजे. कुणाचे अंतर कमी व्हावे म्हणून कुणाला आपल्या शेतापासून दूर जावे लागते? ज्याने ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्याच्या गावाच्या शिवारात हा प्रश्न उभा राहावा, ही घटना अभ्यासक्रमातल्या कोणत्याही टीपेपेक्षा अधिक बोलकी आहे.

येथून आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. मराठी गद्याला अंतर मोजण्याची जी जुनी मापे होती, ती कोस, मजल, मुक्काम अशी शरीराशी बांधलेली होती. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेस गेले आणि पुढे त्यांनी ‘माझा प्रवास’ लिहिला. १९०७ साली छापून आलेल्या त्या ग्रंथात गावांमधले अंतर म्हणजे चाललेले पाय, लुटले जाण्याचे भय आणि रात्री कुणी दिलेला आसरा. परतताना त्यांनी आईवडिलांसाठी गंगेची कावड आणली. ग्वाल्हेर-झाशी-काशी ही नावे त्या कावडीच्या ओझ्याने एकमेकांना जोडली गेली आहेत. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. पालखी सोहळ्याला त्यासाठी अठरा-वीस दिवस लागतात. हे अंतर विमानाला अर्ध्या तासाचे आहे असे वारकऱ्याला सांगून पाहावे. तो हसेल, कारण अर्ध्या तासात पोहोचलेला माणूस वारीला गेला असे कुणीच म्हणणार नाही.

आता न्यूअर्कच्याच दिशेने गेलेली पहिली मराठी स्त्री पाहू. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. अठ्ठावन्न दिवस. वय नुकतेच अठरा पूर्ण. त्या ज्या कार्पेंटरबाईंकडे उतरल्या, त्यांचे गाव रोझेल. आजच्या न्यूअर्क विमानतळापासून ते अगदी थोड्या अंतरावर आहे. म्हणजे आज पुण्याची मुलगी जेथे उतरते, त्याच परिसरात आनंदीबाई उतरल्या होत्या. १८८६ च्या मार्चमध्ये त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली आणि त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून समुद्र ओलांडून गेल्या. रमाबाईंनी १८८९ साली प्रसिद्ध केलेले ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे शीर्षकच पाहावे. एका देशाची लोकस्थिती सांगताना तेथे कसे जाणे झाले हे वृत्त त्यांनी शीर्षकातून वगळले नाही.

विमानाच्या आरंभकाळातही वाट शिल्लक होती. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत गेले. प्रवाशाच्या पायांना मधली जमीन लागत होती. पुढे विमानांचा पल्ला वाढला, थांबे गळाले आणि त्यांबरोबर आपल्या प्रवासवर्णनांतली वाटही गळाली. अलीकडची अनेक प्रवासवर्णने वाचताना आमच्या ध्यानात येते की, ‘विमानात बसलो’ आणि ‘विमानतळावर उतरलो’ या दोन वाक्यांमध्ये फार तर जेवणाचा ट्रे आणि हवाईसुंदरीचे स्मित असते. समोरच्या पडद्यावर विमानाचे चिमुकले चित्र मॉस्कोवरून, ग्रीनलंडवरून सरकत असते, खाली लक्षावधी माणसे झोपलेली असतात आणि लेखक खिडकीची झडप लावून चित्रपट पाहत असतो. परिणामी प्रवासवर्णन हे आगमनवर्णन झाले आहे. जेथे पोहोचलो तेथली दुकाने, संग्रहालये आणि स्वच्छ रस्ते यांची यादी म्हणजे प्रवास, असा समज रूढ झाला. हे आमच्या मते मराठी गद्याचे मोठे नुकसान आहे.

यावर कुणी म्हणेल की, आकाशातून जाताना लिहिण्यासारखे असते तरी काय? त्याला उत्तर म्हणून एका फार जुन्या आकाशयात्रेचे स्मरण द्यावेसे वाटते. कालिदासाचा यक्ष रामगिरीवर आहे. वा. वि. मिराशी यांनी हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक असे प्रतिपादन केले होते. ते मानले तर ही यात्रा महाराष्ट्राच्याच भूमीवरून निघते. रामटेकहून कैलासापर्यंत सरळ उत्तरेस हजार-अकराशे किलोमीटर होतात. यक्षाला विरह असह्य झालेला आहे, निरोप पोहोचण्याची घाई त्याला आहे, तरीही तो मेघाला जवळची वाट सांगत नाही. वाकडी वाट करून उज्जयिनी पाहून जा, असे तो सांगतो. काव्याचा पूर्वभाग वाटेनेच व्यापलेला आहे : रेवा, विदिशा, अवंती, कुरुक्षेत्र, कनखल. ज्याला सर्वांत लवकर पोहोचायला हवे, तोच वळसा घालायला सांगतो, कारण वाट सांगता सांगता त्याला स्वतःचा विरह सांगता येतो. वरून पाहणाऱ्याला लिहिण्यासारखे काही नसते, हा आक्षेप त्या काव्याने कधीच निकालात काढला आहे.

मात्र आम्ही येथे संथपणाचे स्तोत्र गात आहोत असा गैरसमज होऊ नये. आनंदीबाई १८८६ च्या ऑक्टोबरात आजारी अवस्थेत न्यूयॉर्कहून निघाल्या आणि नोव्हेंबरात मुंबईस पोहोचल्या. त्या बोटीवरच्या दिवसांत काव्य शोधणे क्रूरपणाचे होईल. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा बाविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. त्यांचा रक्षाकलश पुढे कार्पेंटरबाईंकडे पाठवला गेला आणि अमेरिकेतील पकिप्सी येथील स्मशानभूमीत विसावला. त्या काळी पत्राच्या प्रवासालाही महिन्याच्या आसपास लागे. प्रश्न विचारावा आणि उत्तर येईपर्यंत प्रश्नच शिळा व्हावा. आज तेच अंतर एका दिवसात कापता येते, हे निःसंशय मोठे वरदान आहे. ज्याची आई रुग्णालयात आहे, त्याला अठ्ठावन्न दिवसांच्या प्रवासाची थोरवी सांगू नये.

पण याच ठिकाणी आकड्यांचे खरे अपुरेपण उघडे पडते. पुण्यातल्या एखाद्या घरी पहाटे दोन वाजता काही घडते. न्यू जर्सीत तेव्हा आदल्या दिवशीची दुपार साडेचारला आलेली असते. दूरध्वनी होतो, चेहराही दिसतो. मग शेजारी, भाचे, मित्र दबक्या आवाजात तोच प्रश्न विचारू लागतात : तो केव्हा पोहोचतो? तिकीट मिळाले का? थेट विमान आहे की दुबईला थांबा? व्हिसाची मुदत, परत जाताना लागणारा शिक्का, नोकरीतली रजा, लहान मुलांची शाळा हे सारे त्या बारा हजार किलोमीटरांत मिसळते. सर्व काही जुळून आले तरी दीड दिवस. न जुळले तर कुणीतरी सांगतो, ‘थांबू नका.’ आपल्या शहरातील मुख्य स्मशानभूमीचे नाव वैकुंठ आहे. तेथे वेळेवर पोहोचण्यासाठी विमानाने निघालेला मुलगा ही आज पुण्याची अगदी सामान्य गोष्ट झाली आहे. तो पंधरा तास आकाशात असतो, कुणाशी बोलू शकत नाही आणि खाली काय झाले हे त्याला ठाऊक नसते. विमानातल्या या पंधरा तासांचे गद्य मराठीत पुरेसे लिहिले गेले आहे, असे आम्हांला वाटत नाही.

आणि जो मागे थांबला आहे, त्याच्या घड्याळाचे काय? वृद्ध आईबाप दोन वेळा मनात बाळगून जगतात. भिंतीवर एकच घड्याळ असते, पण ‘आता तिकडे किती वाजले’ हे त्यांना बोटे न मोडता सांगता येते. मुलाचे विमान कुठवर आले हे पडद्यावर पाहत ते रात्र जागवतात. देहूच्या त्या चित्रातले वर पाहणारे लोक आणि हातातल्या पडद्यावर विमानाचा ठिपका पाहणारे कोथरूडचे आजोबा यांच्यात आम्हांला सलग नाते दिसते. त्यांच्या लेखी अंतराचे एकक किलोमीटर नसून ‘येईल तेव्हा येईल’ हे वाक्य आहे.

मराठी भाषेने यासाठी एक शब्द आधीच घडवून ठेवला आहे. ‘अंतर’ म्हणजे दोन ठिकाणांमधली जागा. ‘अंतर’ म्हणजे मनाचा आतला भाग. आणि ‘अंतर देणे’ म्हणजे आपल्या माणसाला टाकणे, त्याची साथ सोडणे. देवाला, गुरूला, धन्याला मराठी माणूस विनवीत आला की मला अंतर देऊ नकोस. विमानतळांमधल्या अंतराचा तक्ता यांतला पहिला अर्थ तेवढा सांगतो. जो मुलगा बारा हजार किलोमीटर दूर राहूनही अंतर देत नाही, आणि जो एकाच इमारतीत राहून देतो, त्यांतला भेद त्या तक्त्यात मावत नाही. तो सांगणे हे कथेचे, कवितेचे आणि चांगल्या प्रवासवर्णनाचे काम आहे.

म्हणून अध्यापक मित्रांना आमची एक सूचना आहे. परदेशातील मराठी माणसाविषयीचे लेखन वर्गात शिकवताना ‘दोन संस्कृतींचा संघर्ष’ हे ठरीव प्रकरण थोडे बाजूला ठेवावे आणि विद्यार्थ्यांना तीन साधे प्रश्न विचारावेत. या लेखनात वाट आहे काय, की केवळ निघणे आणि पोहोचणे आहे? वेळ कुणाच्या घड्याळाने मोजली आहे, गेलेल्याच्या की राहिलेल्याच्या? आणि हे अंतर कमी करण्याची किंमत कुणी दिली, लेखात त्याचे नाव तरी आले आहे काय? या प्रश्नांना सामोरे जाऊ शकणारे लेखन आपल्याकडे किती आहे, हे शोधण्याचे काम एखाद्या विद्यार्थ्याने मनावर घ्यावे. प्रबंधाला विषय मिळत नाही अशी तक्रार वारंवार ऐकू येते. हा विषय लोहगावच्या धावपट्टीवर रोज उतरतो आणि उडतो आहे.